पांढऱ्या पाटीवरचा ए

भायखळा स्टेशनात हल्ली माणसं थांबून इमारत बघतात. घासूनपुसून मूळ रूपात आणलेल्या त्या दगडी इमारतीला 2022 साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि तो तिच्या हक्काचाच होता. मी मात्र सवयीने प्लॅटफॉर्मच्या चिंचपोकळीकडच्या टोकाला जाते. छप्पर संपतं, गर्दी विरळ होते, आणि पुढे रुळांच्या कडेला तो उभा दिसतो. एक खांब, वर चार दिव्यांचं उभट डोकं, उन्हाची तिरीप पडू नये म्हणून प्रत्येक दिव्याला काळं टोपडं. सगळ्यात खाली लाल. खांबावर एक गोल पांढरी पाटी आणि तिच्यावर इंग्रजीतला काळा ए. त्या एका अक्षरात त्याचा सगळा स्वभाव लिहिलेला आहे. ए म्हणजे ऑटोमॅटिक. त्याला कुणी चालवत नाही.

माझे बाबा एस अँड टीत, म्हणजे सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात, मेंटेनर होते. लहानपणी त्यांच्याबरोबर स्टेशनात आले की मी गाड्या मोजायची. ते म्हणायचे, "गाड्या सगळेच बघतात, पोरी. ह्या गड्याकडे बघ. गाडी गेली की काय करतो बघ."

गाडीचं तोंड खांबाच्या पुढे गेलं न गेलं तोच हिरवा विझून लाल लागायचा. गाडी दूर गेली, वळणाआड झाली, की थोड्या वेळाने पिवळा. मग दोन पिवळे. मग हिरवा. पाठोपाठ दुसरी गाडी आली की पुन्हा तेच. केबिनमध्ये कुणी खटका ओढलेला नसायचा, कुणी फोन केलेला नसायचा. मला वाटायचं, खांबाच्या आत माणूस बसलाय.

आत माणूस नव्हता, रुळांमध्ये वीज होती. रुळांचा एकेक तुकडा दोन्ही टोकांना विजेपुरता तोडलेला असतो. एका टोकाकडून बारीकसा प्रवाह एका रुळातून जातो, दुसऱ्या टोकाचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, उचलून धरतो आणि दुसऱ्या रुळातून परत येतो. गाडी त्या तुकड्यावर चढली की तिची चाकं आणि आस दोन रूळ जोडून टाकतात, प्रवाह मधल्यामधे वळतो, आणि रिले उपाशी राहून खाली पडतो. तो पडला की लाल. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने 1872 साली ह्याचं पेटंट घेतलं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. गाडी आल्याची बातमी द्यायला इथे काहीही करावं लागत नाही. रिलेला उचलून धरणारं बळ नाहीसं होतं, एवढंच. तार तुटली, वीज गेली, रूळ तडकला, तरी तो पडतोच. बातमी हरवली तर ती लाल होऊन हरवते.

ह्या गड्याचं घराणं भायखळ्याचं आहे. आपल्या देशात रंगीत दिव्यांचे, आपोआप चालणारे सिग्नल पहिल्यांदा लागले ते 1928 साली, जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेच्या बोरीबंदर (आजचं सीएसएमटी) ते भायखळा ह्या पट्ट्यावर. पुढच्या वर्षी ते कुर्ल्यापर्यंत गेले. बाबा हे सांगताना अजूनही ताठ बसतात. 1925 पासून मुंबईत विजेच्या गाड्या आल्या होत्या. त्या चटकन वेग घेतात, एकीमागे एक सोडता येतात, आणि तेवढ्या झपाट्याला जुनी पद्धत पुरी पडणं कठीण होतं.

जुन्या पद्धतीत एका केबिनच्या माणसाने घंटी वाजवून पुढच्या केबिनला विचारायचं: गाडी सोडू का? पुढच्याने लाईन क्लिअर द्यायची. तोवर पहिल्याने थांबायचं. गाडी सोडल्यावर पुन्हा कळवायचं, आणि गाडी पोचली की पलीकडून तसं उलट कळवायचं. पद्धत चोख होती. अनेक मार्गांवर ती आजही चालते आणि माणसांचे जीव राखते. पण तिच्यात प्रत्येक पावलाला एक प्रश्न आहे आणि उत्तर येईपर्यंत वाट बघणं आहे. भायखळ्याच्या ह्या गड्याने प्रश्न विचारणंच सोडून दिलं. त्याच्यापुढचा तुकडा मोकळा आहे का आणि पुढचा सिग्नल काय दाखवतोय, एवढं तो बघतो. त्यावरून स्वतःचा रंग ठरवतो. आपला रंग मागच्याने पाहिला की नाही, ह्याची चौकशी करत नाही.

हे सगळं मला तीस वर्षं माहीत होतं, तरी त्याचा अर्थ कळला तो माझ्या हातून एक काम अडलं तेव्हा.

मी प्रोग्रॅम लिहिते. काही वर्षांपूर्वी गोदामांचा कारभार सांभाळणाऱ्या एका प्रणालीसाठी मी एक इव्हेंट बस लिहिली होती. इव्हेंट बस म्हणजे प्रोग्रॅममधली दवंडी. एका भागाने पुकारायचं, "ऑर्डर आली." ज्यांना त्या बातमीशी कर्तव्य आहे त्यांनी बसच्या नोंदवहीत आधीच नाव घातलेलं असतं. बस वही उघडते आणि एकेकाला बातमी पोचवते. साठा बघणारा भाग ती ऐकतो, माल वजा करतो, आणि माल संपत आला असेल तर स्वतःच पुकारतो, "साठा कमी." ते खरेदीचा भाग ऐकतो. बातमीतून बातमी निघते, साखळी होते. पुकारणाऱ्याला ऐकणाऱ्याचं नावही माहीत असावं लागत नाही, हे तिचं सौंदर्य. म्हणून मला ती आवडते.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री ती उभी राहिली. कोसळली असती तर बरं झालं असतं, कोसळण्याचा आवाज होतो. इथे आवाजच नव्हता. प्रोसेसर निवांत, मेमरी ठीक, नोंदींमध्ये एकही चूक नाही. शेवटची ओळ होती "साठा कमी", आणि तिच्यापुढे काही नाही. प्रोग्रॅम जिवंत होता आणि काहीच करत नव्हता. दुकानदारांच्या ऑर्डरी मागे साचत होत्या.

कारण सापडायला पहाट झाली. दोन थ्रेडनी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांनी, एकाच वेळी नोंदवहीत खाडाखोड करू नये म्हणून तिला मी कुलूप घातलं होतं. बातमी पोचवताना बस कुलूप लावून घ्यायची आणि शेवटचा ऐकणारा परतला की मगच उघडायची. खरेदीच्या भागाला "साठा कमी" कळल्यावर वहीत नवं नाव घालायचं होतं: माल आला की मला सांग. त्यासाठी त्याला तेच कुलूप हवं होतं. किल्ली बसच्या हातात, बस खरेदीच्या परतण्याची वाट बघत उभी, आणि खरेदी किल्लीची वाट बघत उभी. दोघांपैकी कुणीच चुकत नव्हतं. प्रत्येकजण नेमून दिलेलं काम इमानाने करत होता.

एडस्गर डायक्स्ट्रा ह्या डच संगणकशास्त्रज्ञाने 1965 च्या सुमारास ह्या अवस्थेला नाव दिलं, त्याचं मराठी मी जीवघेणी मिठी असं करेन. रोजच्या बोलण्यात आम्ही डेडलॉक म्हणतो.

मी घाईने उपाय केला आणि तो पहिल्याहून वाईट ठरला. कुलूप लवकर सोडायची व्यवस्था केली, आणि प्रत्येक बातमी हाताळायला आठ थ्रेडची एक टोळी ठेवली. पण ऐकणाऱ्याने पुढची बातमी पुकारली की ती पूर्ण हाताळली जाईपर्यंत थांबायचं, ही सवय तशीच ठेवली. दुपारी गर्दी वाढली. आठही थ्रेड आपापली पुढची बातमी पुकारून तिच्या पूर्ततेची वाट बघत बसले. त्या आठ बातम्या हाताळायला नववा कुणी नव्हता.

त्या रात्री मी घरी आले तेव्हा बाबा जागे होते. माझा चेहरा बघून त्यांनी कागद पुढे सरकवला.

"कोण कुणासाठी थांबलंय ते काढ. नावं लिही आणि बाण मार."

मी काढलं. थ्रेड बातमीसाठी, बातमी मोकळ्या थ्रेडसाठी. बाण फिरून पहिल्या नावाशी आला.

"गोल झाला," ते म्हणाले. "आता आपल्या गड्याचे बाण काढ."

"त्याचे कसले बाण, बाबा?"

"काढ तर. मशीदचा सिग्नल सँडहर्स्ट रोडच्या सिग्नलकडे बघतो. तो भायखळ्याच्या. भायखळ्याचा चिंचपोकळीच्या. आता मला सांग, चिंचपोकळीचा मशीदच्याकडे बघतो का?"

नाही बघत. स्टेशनांची नावं त्यांनी सोयीसाठी घेतली होती, दोन स्टेशनांच्या मधेही सिग्नल असतात. पण डाउन, म्हणजे मुंबईपासून दूर जाणाऱ्या, मार्गावरचा प्रत्येक सिग्नल फक्त पुढे बघतो, मागे वळून एकही बघत नाही. कागदावर सगळे बाण कल्याणच्या दिशेने गेले आणि गोल काही झाला नाही.

1971 साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी ह्या तिघांनी एक निबंध लिहिला. अशी मिठी पडायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात, असं त्यात दाखवलं आहे. वस्तू एका वेळी एकालाच मिळते. हातातली न सोडता माणूस दुसरीसाठी थांबतो. कुणाच्या हातून ती हिसकावता येत नाही. आणि थांबणाऱ्यांचं कडं पूर्ण होतं. कॉलेजात हे मी पाठ केलं होतं. त्या रात्री ते पहिल्यांदा रुळांवर मांडून पाहिलं आणि चकित झाले. लोकलच्या मार्गावर पहिल्या तीनही गोष्टी राजरोस आहेत. एका तुकड्यावर एकच गाडी. गाडी आपला तुकडा अडवूनच पुढच्यासाठी थांबते. तिच्या पायाखालचा रूळ काढून घेता येत नाही. ह्यातलं काहीच टाळता येण्यासारखं नाही, गाडी हवेत उभी राहू शकत नाही. फक्त चौथी गोष्ट नाही: कडं नाही. तेवढ्या एका अभावावर तीन-चार मिनिटांनी एक गाडी जाते. हाच मार्ग गोल असता आणि प्रत्येक तुकड्यावर एकेक गाडी उभी राहिली असती, तर सगळे सिग्नल लाल दाखवत कायमचे थांबले असते, आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं.

सीएसएमटीच्या तोंडाशी मात्र हा सरळपणा चालत नाही. तिथे रूळ एकमेकांना छेदतात, गाड्या उलटसुलट जातात, कडं होण्याची भीती खरी आहे. म्हणून तिथले सिग्नल वेगळ्या जातीचे. इंटरलॉकिंग, म्हणजे सांधे आणि सिग्नल एकमेकांना बांधून ठेवणारी यंत्रणा, आधी सिग्नलपासून प्लॅटफॉर्मपर्यंतची पूर्ण वाट, तिच्यातले सगळे सांधे, एकदम राखून घेतं आणि मगच दिवा सोडतं. अर्धी वाट मिळाली, बाकीची नंतर बघू, असं तिथे नाही. कॉफमनच्या यादीतली दुसरी गोष्ट तिथे मोडली आहे. कोकण रेल्वेवर तिसरी तऱ्हा. बहुतेक मार्ग एकेरी, गाड्या समोरासमोरून येणार आणि स्टेशनातल्या लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, एकमेकींना वाट देणार. लूप आहेत म्हणून सगळे भरून टाकले, तर दोन बाजूंच्या गाड्यांना हलायला जागाच उरणार नाही. कंट्रोलरला पुढच्या दोन-तीन स्टेशनांचा हिशेब मनात ठेवून गाडी सोडावी लागते. डायक्स्ट्राने सावध सावकाराचा हिशेब म्हणून जे मांडलं ते हेच: शेवटची मोकळी जागा अशी देऊन टाकू नये की कुणाचंच काम पुरं होणार नाही.

माझ्या बसला भायखळ्याचा गडी जवळचा होता. मी ती पुन्हा लिहायला बसले. बातमी पोचवायच्या आधी कुलूप लावून नोंदवहीची नक्कल करून घ्यायची, कुलूप लगेच उघडायचं, आणि नकलेवरून बातम्या वाटायच्या. परक्याच्या कामात शिरताना आपल्या हातात किल्ली नको. दुसरं, ऐकणाऱ्याने नवी बातमी पुकारली तर ती तिथल्या तिथे हाताळायची नाही. ती रांगेत शेवटी ठेवायची आणि पुकारणाऱ्याने आपलं काम संपवून परतायचं. हातातली बातमी सगळ्यांना पोचली की मग रांगेतली पुढची. गूगलच्या ग्वावा ह्या जावा लायब्ररीतली इव्हेंट बस एका थ्रेडपुरतं हेच करते: ऐकणाऱ्याने पुकारलेली बातमी आधीची वाटून होईपर्यंत थांबते. असं केलं की बातम्या एकीच्या पोटात दुसरी जात नाहीत, एकीमागे एक लागतात. कुणी कुणाच्या परतण्याची वाट बघत नाही.

रांगेतही एक खड्डा आहे आणि त्यात मी पाय घालता घालता वाचले. रांगेला मर्यादा घातली, शंभरच बातम्या, आणि भरल्यावर पुकारणाऱ्याने जागा होईपर्यंत थांबायचं ठरवलं. पण रांग रिकामी करणारा थ्रेडच पुकारणारा असेल तर? तो जागेची वाट बघत बसेल आणि जागा करणारा तोच. मिठी मारायला दुसरा माणूसही लागत नाही. म्हणून आतून निघालेल्या बातमीला थांबवायचं नाही. बाहेरून येणाऱ्या ऑर्डरींना दारातच थोपवायचं.

आणि समजा मिठी पडली नाही, पण बातमीतून बातमी, तिच्यातून पुन्हा पहिली, असं अखंड चालू राहिलं? रांग त्याला अडवत नाही. ती उलट ते बिनबोभाट चालू ठेवते. ह्याचं उत्तरही मला प्लॅटफॉर्मच्या टोकाशी मिळालं. गाडी पुढे गेली की खांबावर लाल. मागच्या खांबावर पिवळा. त्याच्या मागच्यावर दोन पिवळे. त्याच्या मागच्यावर हिरवा. त्याहून मागच्यालाही हिरवाच दाखवायचा असतो, आणि तो आधीपासून हिरवाच आहे. त्याच्यापाशी काही बदलत नाही, म्हणून त्याच्याकडून पुढे काही जात नाही. एका गाडीने उठवलेला तरंग तीन-चार खांबांत विरतो. कल्याणची गाडी हलली म्हणून बोरीबंदरचा दिवा लुकलुकत नाही. माझ्या बसमध्ये साठा बघणारा भाग प्रत्येक ऑर्डरीला "साठा कमी" ओरडत होता, कालही कमी आणि आजही कमी. मी त्याला सांगितलं, स्थिती बदलली तरच बोल. रांग एका दिवसात इतकी आखडली की मला आधी वाटलं काही तरी बिघडलंय.

आता त्या ए बद्दल. तो लहानपणी मला शोभेचा वाटायचा. तो नसलेला सिग्नल लाल असेल तर मोटरमनने हुकुमाशिवाय पुढे जायचं नाही, मग तास लागो. ए असेल तर नियम वेगळा. गाडी उभी करायची, दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं. दिवा बदलला नाही तर पुढे निघायचं, पण अगदी सावकाश, समोर गाडी उभी आहे असं धरून, दिसेल त्या अंतरात थांबता येईल इतक्याच वेगाने. पुढच्या सिग्नलपर्यंत असंच. दिवा खोटा लाल असू शकतो हे नियम लिहिणाऱ्यांना माहीत होतं. एका पडलेल्या रिलेने अख्खी मुंबई अडून राहू नये, म्हणून वाट बघण्याला त्यांनी हद्द घातली.

आम्हीही हद्द घालतो, टाइमआउट म्हणतो. फरक असा की आमच्यातले बरेचजण हद्द संपली की हिरवा मिळाल्यासारखे सुटतात. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नसेल, असं धरून तेच काम पुन्हा करतात, आणि गोदामातून एकाच ऑर्डरीचा माल दोनदा निघतो. ए तसं सांगत नाही. तो सांगतो: जा, पण विश्वास ठेवू नकोस. बसमध्ये मी प्रत्येक बातमीला क्रमांक दिला. वेळ संपल्यावर जो पुन्हा प्रयत्न करेल त्याने तो क्रमांक आधी झालाय का हे बघत बघत जायचं.

पावसात ह्या गड्याची कसोटी लागते. रुळांवर पाणी चढलं की वीज एका रुळातून दुसऱ्यात पाण्यातूनच झिरपते, रिले पडतो, गाडी नसताना लाल लागतो. लोक चिडतात, सिग्नल फेल म्हणतात. बाबांना तो शब्द लागायचा. रात्रभर गुडघाभर पाण्यात उभे राहून ते घरी यायचे आणि पांढरी पडलेली पावलं चुलीजवळ धरून म्हणायचे, "फेल कुठे? त्याला खात्री नव्हती, त्याने लाल दाखवला. खात्री नसताना हिरवा दाखवला असता तर ते फेल."

परवा रात्री शेवटच्या गाड्यांच्या वेळी मी बाबांना घेऊन स्टेशनात गेले. आता जिने त्यांना झेपत नाहीत, आम्ही थांबत थांबत टोकापर्यंत आलो. एक कल्याण स्लो सुटली आणि खांबाच्या पुढे गेली. लाल. पाठोपाठ रिकामा रेक आला आणि खांबाच्या अलीकडे उभा राहिला. बाबांनी घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. गाडीत दिवे होते, माणसं नव्हती. एक मिनिट झालं. दीड झालं. मोटरमनच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि पुन्हा आत गेला.

"दोन व्हायचेत," बाबा म्हणाले.

दोन व्हायच्या आत पिवळा लागला.